खालच्या बाजूचे टाके

दुपारी तीनच्या सुमारास म्हातारा गादीला टाके घालायला बसला. मुलगी पाठीचं ऑपरेशन करून संध्याकाळी दवाखान्यातून यायची होती. डॉक्टरांनी कडक गादी सांगितली होती, आणि बाजारातल्या फोमवर म्हाताऱ्याचा काडीचा विश्वास नव्हता. नुसता फुगा! वर्षभरात माणूस खड्ड्यात.

कापूस त्यानं बायकोच्या गादीतला काढला. ती शेवटी जिच्यावर खितपत पडली होती, त्याच गादीतला. पिंजणारा कुरकुरला होता, "काका, जाळून टाका हा. मेल्या माणसाच्या अंगाखालचा कापूस पुन्हा भरत नाहीत."

"आधी तुझी अक्कल पिंजून घे," म्हातारा खेकसला होता.

खाटेएवढ्या उंच लाकडी चौकटीवर गादी आडवी टाकलेली. बायको होती तोवर म्हातारा वरून लांब सुई खुपसायचा. खाली बसलेली बायको ती ओढून घ्यायची आणि बोटभर अंतरावरून परत वर पाठवायची. मग खालून ती दोऱ्याला दोन हिसके द्यायची. म्हणजे, गाठ बांध. चाळीस वर्षं हेच. आता दर टाक्याला त्यालाच कण्हत खाली वाकावं लागे.

सातव्या टाक्याला तो वाकायच्या आतच सुई वर आली.

म्हातारा जागच्या जागी थिजला. बाहेर वारा पडलेला. खोलीत मलमाचा वास दाटत होता. बायकोच्या पाठीला तो चोळायचा, तेच मलम.

"तू... आहेस का गं?"

दोऱ्याला दोन हिसके बसले.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यानं गाठ मारली. आठवा टाका, नववा, दहावा... सुई सरसर येत राहिली. पंधराव्याला मात्र आली नाही. दोराही बोटांतून निसटून आत गेला.

तो खाली वाकला. खाली कुणी नव्हतं. आणि सहाव्या टाक्यापुढे खालच्या कापडाला एक भोकसुद्धा नव्हतं.

सुई खालून येत नव्हती. आतून येत होती.

गादी उसवायलाच हवी होती. तो कात्री आणायला आतल्या खोलीत धडपडत गेला. परत आला, तर मुलगी गादीवर डोळे मिटून पडलेली.

"लवकर सोडलं, बाबा. पाठ टेकवते जरा..."

"ऊठ! आधी ऊठ तू! आत सुई राहिलीय!"

"आत कुठली?" तिनं झोपाळू हात पुढे केला. मूठ उघडली. "आत्ता तुम्हीच नाही का दिलीत हातात?"

मुठीत सुई होती. सुईत दोरा. तो तिच्या बाहीतून आरपार जाऊन, पाठीखाली गादीत शिरला होता.

म्हाताऱ्यानं कात्री उघडली.

दोऱ्याला दोन हिसके बसले.