वहीत काढलेली नळी

मूत्रपिंडाकडून येणारी वाट खड्याने तुंबली की डॉक्टर आत एक मऊ नळी सरकवायचे. लघवी मोकळी व्हायची. मात्र तीन महिन्यांत ती नळी काढावीच लागे, म्हणून विभागात एक जाडजूड वही होती. बसवल्याची तारीख डावीकडे, काढल्याची उजवीकडे. तपासणीला वरून माणसं येणार म्हटल्यावर डॉक्टरांनी एका दुपारी चहा पिता पिता उजवीकडचे सगळे रिकामे रकाने भरून टाकले. त्यातला एक शिंपीणबाईंचा होता.

बाईंनी सहा महिने खेटे घातले.

"डॉक्टर, आत टोचतंय हो अजून. हा एक्स-रेचा फोटो तरी बघा."

डॉक्टरांनी तो पाकिटातून काढलाही नाही. "जुना असेल. वहीत काढली आहे म्हणजे काढली आहे. घरी जा."

बाई घरी जात नसत. बाहेरच्या बाकावर शिवण घेऊन बसत, दातांनी दोरा तोडत. त्यांचं एकच मूत्रपिंड धड होतं. नळीवर खडे चढले, तेही गेलं, मागोमाग बाई गेल्या. डॉक्टरांनी वही दाखवून काखा वर केल्या.

वर्षभराने डॉक्टरांच्या डाव्या कुशीत कळ आली. लघवी थेंबावर आली. त्यांनी गुपचूप फोटो काढून घेतला. त्यात नळी होती. दोन्ही टोकांना वळलेली, किटलीच्या तळाशी साचतो तसा पांढरा थर चढलेली. डॉक्टर आयुष्यात कधी ऑपरेशनच्या टेबलावर आडवे झाले नव्हते. ते मनातून घाबरले.

हाताखालच्या डॉक्टरने, शिकवल्याप्रमाणे, आधी वही उघडली. शेवटच्या पानावर त्यांचं नाव होतं. दोन्ही तारखा भरलेल्या.

"सही तुमचीच ना, सर?"

"माझीच आहे. पण मी केलेली नाही! अरे, फोटो बघ ना."

त्याने पाकिटाला हातही लावला नाही.

"जुना असेल, सर. वहीत काढली आहे म्हणजे काढली आहे. घरी जा."

"काढ रे ती. मरेन मी."

"पुढचा पेशंट पाठवा," तो दाराकडे बघून म्हणाला.

डॉक्टर कसेबसे बाहेर आले आणि बाकावर टेकले.

बाक रिकामा होता. तरी कुणीतरी सरकून त्यांना जागा दिली.

कुशीत आतून काहीतरी ताणलं गेलं, घट्ट.

मग कानाशी, दातांनी दोरा तुटला.