वन्समोर नसलेलं नाटक

"दार लावा आधी! तबकडीवर धूळ बसतेय—"

शांतवन माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. बाहेर नगरच्या उन्हाळ्यातली वावटळ सुटलेली, डोळ्यांत माती गेलेली, म्हणून दिसलं ते दार ढकलून मी आत शिरले. आणि बघते तर हा अमेरिकन मिशनचा हॉल! मी रोझी, राहात्याजवळच्या रोमन कॅथलिक देवळातल्या मास्तरांची मुलगी. प्रोटेस्टंटांच्या हॉलमध्ये मला कुणी पाहिलं असतं, तर बाबांनी ट्रेनिंग कॉलेजातून नाव काढून थेट घरी नेलं असतं. तरी पाय हलेनात... ग्रामोफोनवर एक बाई इतकी जीव ओतून गात होती!

"काय म्हणतेय ती?"

"न्यूयॉर्कच्या नाटकातली आहे. तिला एकजण आवडतो, पण सांगायची भीती वाटते." मिशनच्या शाळेतला हा गाण्याचा मास्तर हसला. "तिकडच्या नाटकात बोलणं पुरेनासं झालं की माणूस गातो."

"आणि बोलायला जमतच नसेल तर?"

"मग तर गायलाच हवं!"

हसताना त्याच्या गालाला खळी पडत होती. ती मी बघायला नको होती.

तबकड्या मिशनच्या मडमबाईंच्या. बाई कायमच्या मायदेशी चालल्या होत्या. त्यांच्या निरोपाला शांतवन त्याच धर्तीचं मराठी नाटक बसवत होता: एका विहिरीवरून भांडणाऱ्या दोन आळ्या, आणि दोन्हींकडचे दोन वेडे जीव. मी तबकडीबरोबर गुणगुणले, तेवढ्यावर त्यानं मला नायिका करून टाकलं. नायक म्हणजे मिशा लावलेली, मिशनच्या शाळेतली दया. मी राहत होते रतनमावशीकडे. तिला शिवणाच्या वर्गाची थाप मारली. तालमीला जाताना रोज वाटायचं, मागून कुणीतरी येतंय.

तालमीत तो तिकडच्या गमती सांगायचा. आधी तिथं नुसते नाच, नकला आणि मध्येच कुठंतरी गाणी असत. पुढं गाणंच गोष्ट चालवायला लागलं. काळ्या लोकांचे ठेके, देशोदेशीहून आलेल्या ज्यूंच्या, आयरिशांच्या चाली, सगळं एकात मिसळलं.

"आणि आपण?" मी म्हटलं. "येशू एकच, पण आपण एका बाकावर बसत नाही."

"पियानोच्या बाकावर जागा आहे," तो हळूच म्हणाला. "बसता?"

मी दाराकडं बघितलं. बसले नाही.

एक गोष्ट त्यानं बजावली होती. वन्समोर घ्यायचा नाही. "गाण्यानं गोष्ट पुढं गेली, ती मागं कशी आणायची? पण तिकडं एक गंमत असते. तीच चाल शेवटी परत येते. सूर तेच... पण तोवर गाणारं माणूस बदललेलं असतं."

मग एका तालमीनंतर, पियानोचं झाकण लावता लावता त्यानं विचारलं, "रोझी, मी तुमच्या बाबांना भेटायला आलो तर... चालेल तुम्हाला?"

'हो' ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. मी चक्क पळाले.

नाटकाच्या दिवशी मावशीच्या दारात बाबांच्या चपला दिसल्या. तालमीला मागून येणाऱ्या कुणीतरी नाटकाचं त्यांच्या कानावर घातलं होतं.

"शबूद दिलायस तर नाटक कर," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "पन सकाळच्या गाडीनं घरी. पाव्हनं बघाया येत्यात."

विंगेत मी हे शांतवनला सांगितलं. तो नुसता म्हणाला, "मग मिळालं मला उत्तर." आणि पियानोकडं गेला.

पडदा उघडला. पहिल्याच बाकावर हाताची घडी घालून बाबा. शेवटच्या प्रवेशात माझं गाणं होतं, नायिका आपल्या मनातलं सांगते ते. मी ते दयाच्या मिशांकडं बघत म्हटलं. पियानोकडं चुकूनही नजर वळवली नाही. वळली असती तर बाबांना सगळं वाचता आलं असतं. गाणं संपलं. आता विंगेत जायचं, की झालं... सकाळची गाडी, पाहुणे, सगळं.

"वन्समोर!"

मी जागीच थिजले. तो आवाज बाबांचा होता! संगीत नाटक म्हटलं की बैलगाडी जुंपून कोपरगाव गाठणारे माझे बाबा, सगळं विसरून ओरडले होते. पाठोपाठ अख्खा हॉल ओरडायला लागला.

शांतवननं मानेनंच 'नाही' म्हटलं.

"वाजव," मी म्हटलं. "परत वाजव ना..."

मी त्याला 'तू' म्हणाले, हे मला नंतर कळलं.

त्यानं सूर दिला. पहिली ओळ कापतच निघाली. पण मी दयाकडं पाठ केली आणि शेवटच्या शब्दापर्यंत पियानोकडं बघत गायले. सूर तेच होते.

पडदा पडल्यावर बाबांच्या चपला करकरत स्टेजवर आल्या. मी दयाचा हात गच्च धरला. ते थेट शांतवनसमोर उभे राहिले.

"रोमन हायेस?"

"नाही. प्रोटेस्टंट."

बाबांनी पियानोची एक पट्टी दाबून बघितली.

"पेटी वाजवतोस?"

"हो."

"आमच्या देवळातली पेटी लई दिस मुकी पडलीय. ये एकदा."

"बाबा... आणि ते पाहुणे?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"कुनाकडं बघून गायलीस ते समद्या हॉलनं बघितलं, पोरी." त्यांनी टोपी नीट केली. "पाव्हन्यांना निरोप धाडतो. वन्समोर मीच दिला न्हवं? मग आता कुनाला बोलू?"

ते टांगा बघायला बाहेर गेले. शांतवन पियानोच्या बाकावर जरासा सरकला.

मी बसले. दाराकडं एकदा बघितलंच, सवयीनं.