काल्यानंतरचं नाव

लाईट लवकर येत नाही, मोबाईल ठेवा बाजूला. क्लेटन, तू इकडे माझ्यासमोर बस. मालिकेत काम मिळालं म्हणून तुझी आई गावभर सांगत सुटलीय, आणि सकाळी तू मुंबईला निघणार. चांगलंच झालं. पण जाण्याआधी एवढं ऐकून जा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या रे, नंतर जमायचं नाही.

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही, भाईच्या बाबतीत घडलं. पंचवीस वर्षं आम्ही एका शाळेत शिकवलं, मी गणित आणि तो मराठी. जत्रांचे दिवस आले की भाई रात्री दशावताराच्या कंपनीत पायपेटी वाजवायचा आणि सकाळी वर्गात पेंगायचा. हट्टी माणूस, पण खोटं बोलायची अक्कलच नाही त्याला. म्हणून सांगतो.

त्या कंपनीची एक रीत होती. तोंडाला रंग लागला की माणसाला त्याच्या नावाने हाक मारायची नाही. राजा म्हणजे राजा, राक्षस म्हणजे राक्षस. पहाटे दहीहंडी फुटते, काला होतो, खेळ संपतो. मग सगळ्यांनी विहिरीवर तोंड धुवायचं आणि ओळीत उभं राहायचं. पेटीवाल्याने एकेकाचं नाव घ्यायचं, ज्याने त्याने ‘आसंय’, म्हणजे ‘आहे मी’, म्हणायचं. नाव परत मिळालं की घरी जायचं. आम्ही ख्रिस्ताव माणसं गुळातलं गोड खाजं घ्यायला जत्रेला जायचो आणि हे बघायला मुद्दाम थांबायचो.

भाईचा जिवलग मित्र त्या कंपनीत राणी व्हायचा. पुरुषच, पण राणी रडली की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. त्याला मुंबईच्या नाटकात काम मिळालं. दोन हजार तीनची जत्रा. दुसऱ्या दिवशी तिकडे तालीम, आणि स्टेशनला जाणारी जीप पहाटे चारला निघणार. काला व्हायला अजून दीड तास होता. तो तसाच रंगल्या तोंडाने भाईकडे आला.

"माजा नाव दी रे, जातंय मी."

"काल्याआधी नाव गावना नाय," भाई म्हणाला. मित्र सोडून चालला याचा राग होता तो, रीत कसली! मित्राने डोक्यावरून शाल घेतली आणि नाव न मिळताच गेला.

नाटकं झाली, दौरे झाले, मग टीव्हीवर मालिका. सात वर्षं तो घराघरात आबासाहेब होता. वॉचमन आबासाहेब म्हणायचा, डॉक्टर आबासाहेब म्हणायचा. मालिका संपली आणि काम मिळेना, कारण आबासाहेबाला दुसरं काम कोण देणार? दर चतुर्थीला तो भाईला फोन करायचा. "एकदा नावान हाक मार रे." भाई मुद्दाम म्हणायचा, "बोला आबासाहेब." मीच शेजारी बसलेला असायचो. हसायचोसुद्धा. त्याची आज लाज वाटते.

दोन हजार एकोणीस, वीस डिसेंबर, शुक्रवार. जत्रेचा दिवस. आदल्या रात्री त्याचा फोन आला होता. "फाल्या येतंय. तळेऱ्याक माका घेवक ये. तोंड धुवन ओळीत उभो ऱ्हवतंय. माका माजा नाव दी." भाई विरघळला. ये म्हणाला.

संध्याकाळी सहाला भाई स्कूटर घेऊन निघाला. पेटीवाल्याचा पांढरा शर्ट अंगात होता. हायवेवर तळेऱ्याच्या तिठ्यावर पोचला तर बस अजून यायची होती. त्याने चहा घेतला. साडेनऊपर्यंत दोन बसगाड्या थांबून गेल्या. तिसरी थांबलीच नाही. आणि बघतो तर मित्र चहाच्या टपरीमागच्या अंधारात उभा. हातात पिशवी नाही. डोक्यावरून शाल, पार हनुवटीपर्यंत.

"खंयच्या गाडयेन इलंस?"

तो स्कूटरकडे आला आणि मागे बसला.

भाईला वाटलं, रुसलाय. सोळा वर्षांचा रुसवा, धरू दे थोडा. हायवे सोडला, वस्ती संपली. भाई एकटाच बोलत होता... कंपनीत कोण राहिलं, कोण गेलं.

मग वास आला. खोबरेल आणि तोंडाला लावायचा रंग.

भाईने स्कूटर हळू केली.

पाठीवर काहीतरी टेकलं. कपाळ. मग नाक. मग गाल. थकलेला माणूस झोपताना टेकतो तसं... पण श्वास नव्हता. गार होतं.

"माजा नाव घे."

अगदी हळू. पाठीतूनच आल्यासारखं.

भाईला धड कळलंही नाही आपण काय बोललो ते. जिभेवर होतं तेच बाहेर पडलं. "काल्यानंतर घेतंय."

पाठीवरचं वजन तसंच राहिलं. पुढचे पंचवीस किलोमीटर.

देवळाच्या कमानीशी दिवे दिसले. भाईने स्कूटर थांबवली. मागे वळला.

कुणी नाही.

संध्याकाळपासून गेलेली फोनची रेंज तेवढ्यात आली. अकरा मिस्ड कॉल. मुंबईहून त्याच्या बहिणीचे. तो संध्याकाळी पावणेसहाला गेला होता. मुंबईतच, हॉस्पिटलमध्ये... छातीत कळ येऊन. भाई घरून निघायच्या आधीच.

त्या रात्री भाईने पेटी कशी वाजवली ते त्यालाच ठाऊक. मी समोर बसलो होतो. त्याने एकदाही मान वर केली नाही.

काला झाला. सगळ्यांनी तोंडं धुतली. आठ माणसं ओळीत उभी राहिली. भाई नावं घेऊ लागला. लवू... "आसंय." पुढचा... "आसंय." आठ झाली.

विहिरीपलीकडे, माडाखाली, नववा उभा होता.

शाल हनुवटीपर्यंत.

भाई म्हणतो, नाव ओठांवर आलं होतं. फक्त तोंड उघडायचं होतं. पण मेलेल्या माणसाला हाक मारायची... आणि त्याने ओ दिली तर?

"झाली नावां," भाई म्हणाला. "चला."

माडाखालचा तो... तसाच उभा राहिला. बाकी कुणाला दिसला नाही. मलाही नाही.

घरी आल्यावर भाईच्या बायकोने, जानकीवहिनीने, दारातच विचारलं, "पाठीर ह्या काय लागला तुमच्या?" शर्ट काढून बघितला. पाठीवर एक चेहरा उमटला होता. गुलाबी रंग, काजळाचे डोळे, लाल ओठ. राणीचा.

सहा वर्षं झाली. दर जत्रेला आठ नावं घेऊन भाई थांबतो, तोंड उघडतो, आणि मिटतो. डेलिशा, तू मघापासून विचारतेस त्या मित्राचं नाव काय. मला ठाऊक आहे. पण ते भाईने द्यायचं आहे, माझं काम नव्हे. आणि क्लेटन, तू जाताना ज्यांचा निरोप राहिलाय त्यांचा घेऊन जा.

तो शर्ट वहिनीने ट्रंकेत ठेवलाय. दहा वेळा धुतला, उन्हात वाळत घातला. गेल्या रविवारी चर्चमधली मिसा आटपून मी त्यांच्याकडे गेलो होतो. शर्ट मागितला, मांडीवर पसरला, आणि त्या ओठांवर हे बोट टेकवलं.

बोट लाल झालं. रंग अजून ओला आहे.