दर पंधरा दिवसांनी

"ओ, दारात कावून उभे? माणूस पडन ना."

पहिल्याच भेटीत मी अद्वैतवर भडकली. हॉस्पिटलचं दार, हातात फाइल घेतलेला तो, अन् माह्या खांद्यावर टेकलेले बाबा. स्टील प्लांटात क्रेन चालवतात ते. रोज सत्तर पायऱ्या चढा लागते, अन् गुडघा तर पार गेलेला.

"तुमालेच शोधून राहिलो," तो हसला. जवळच्याच पद्मनाभपुरचा निघाला, आमच्यासारखाच मराठी.

डॉक्टरांच्या अभ्यासासाठी गुडघ्याचे पेशंट शोधणं, हेच त्याचं काम. मग त्यानं समजावलं. दुर्बिणीच्या ऑपरेशननं खरंच फरक पडते का, हे डॉक्टर तपासून राहिले. चिठ्ठी निघन. अर्ध्यांचं खरं ऑपरेशन, अर्ध्यांले नुसती चीर अन् टाके. कोणाचं काय झालं, ते वर्षभर कोणालेच सांगणार नाई. तब्येत बिघडली तर केव्हाही नाव काढता येते, मग खरं ऑपरेशन करून देतात.

"आधी तुह्या गुडघ्यावर कर ना," मी म्हटलं.

"माहा गुडघा चांगला आहे... डोकं तपासा पाहिजे तर."

"ते दिसूनच राहिलं."

बाबांनी माह्याकडे पाहिलं. "करू का सही, बेटा?"

"किती वेळा या लागन?" मी अद्वैतले विचारलं.

"दर पंधरा दिवसांनी. मीच राहीन."

"करा, बाबा."

चिठ्ठी निघाली, बाबांच्या गुडघ्याले टाके पडले. मग रिसालीच्या घरून ऑटोनं फेऱ्या. तो बाबांले प्रश्न विचारे, मी त्याची बोटं पाहत राही. कँटीनात समोसा तोडून मोठा तुकडा माह्याकडे सरकवे... शाळा सोडल्यापासून माह्याशी एवढ्या हळू कोणी बोललंच नवतं.

बाबा मात्र भिंत धरून बाथरूमले जाऊ लागले. नाव काढता येते, मले माहीत होतं. मी चार फेऱ्या चूप राहिली.

शेवटी मीच म्हटलं, "बाबा, नाव काढू."

"राहू दे," ते बोलले. "तिथं तू हासतेस."

त्याच दिवशी नाव काढलं. डॉक्टरनं चिठ्ठीचं पाकीट उघडलं—नुसते टाके. आता ऑपरेशन करून देऊ, म्हणे, पण उशीर झाला, क्रेनवर चढणं विसरा.

अद्वैत फॉर्म भरून राहिला होता. मधातच थांबला.

"रेणू... मले तू आवडतेस. रविवारी बाहेर भेटशील?"

एवढं सोपं होतं. पहिल्याच दिवशी, त्या दारातच विचारता आलं असतं... त्यालेही, मलेही.

"मलेही आवडतोस तू," मी म्हटलं.

रविवारचं काही बोलली नाई. बाबांची व्हीलचेअर वळवली अन् लिफ्टकडे निघाली.