शेजारची सीट

सकाळी गार इंजिन थरथरतं आणि दोन मिनिटांनी आपोआप ताळ्यावर येतं, असली तक्रार मिस्त्रीने उभ्या आयुष्यात शंभरदा ऐकली असेल. म्हणून नर्सबाईंनी गाडी आणून लावली तेव्हा त्याने चहाचा कपही खाली ठेवला नाही.

"ठेवून जा. दोन दिवसांत देतो."

"नक्की? मला सहाची ड्यूटी असते. परवा चौकात मध्येच बंद पडली. मागून ट्रक येत होता."

"बाई, इंजिन आहे, माणूस नाही. कारण सापडतंच."

अडचण एकच होती. गार इंजिनाची खोड बघायची तर ते रात्रभर गार व्हायला हवं. म्हणजे दिवसाला एकच संधी. पहिल्या सकाळी त्याने शटर वर केलं, गाडी सुरू केली. बॉनेट हादरू लागलं. एक सिलिंडर काम करत नव्हता. प्लग काढले. तीन कोरडे, तांबूस. तिसऱ्या सिलिंडरचा काळा आणि पेट्रोलने ओला.

त्याने तो प्लग पहिल्या सिलिंडरला लावला, पहिल्याचा तिसऱ्याला. दुसऱ्या सकाळी प्लग बदलला तरी खोड तिसऱ्यातच. मग ठिणगी देणारी कॉइल बदलून पाहिली, पेट्रोल उडवणारा इंजेक्टर साफ केला, हवा कुठून शिरते का ते तपासलं. चारही सिलिंडरचा दाब सारखा भरला. तिसऱ्या सकाळीही इंजिन थरथरलंच.

चौथ्या सकाळी तो इंजिन सुरू करून, स्टिअरिंगमागे बसून डॅशबोर्डकडे बघत राहिला. तेव्हा तो लाल दिवा नजरेत भरला. शेजारच्या सीटचा पट्टा लावा, असं सांगणारा. सीट तर रिकामी होती. सीटवर कोणी बसलंय हे ओळखणारा खालचा सेन्सर बिघडला असणार, म्हणून त्याने त्याची वायर काढून टाकली. दिवा तसाच राहिला.

"डोकं नको खाऊस," असं म्हणून त्याने वाकून पट्टा ओढला आणि खटकन लावला.

इंजिन शांत झालं.

हळूहळू नाही, एकदम. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा एका जागी थांबला. मिस्त्रीने पट्टा सोडला. बॉनेट पुन्हा हादरलं. लावला. शांत.

पाचव्या सकाळीही तेच. मग त्याने सीट उचकटली, गालिचा उलटला, वायरिंगचा नकाशा समोर धरून एकेका वायरचा बोटाने माग काढला. दुपारी जेवायला बसला तर घास तोंडाशीच थांबला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"पट्ट्याचा आणि त्या सिलिंडरचा संबंधच नाही. एकही वायर जात नाही तिकडे."

"मग चालतं कसं?"

"तेच तर."

संध्याकाळी नर्सबाई वडिलांना घेऊन गाडी न्यायला आल्या. मिस्त्रीने मान खाली घालून सांगितलं, "दोष सापडला नाही. पण सुरू करण्याआधी शेजारचा पट्टा लावा. चालते." ही बाई आता आपल्याला वेड्यात काढणार, या तयारीने तो उभा होता.

त्या हसल्या नाहीत.

म्हातारबाबा न विचारताच मागचं दार उघडून बसले होते. मिस्त्री म्हणाला, "बाबा, पुढे बसा ना ऐसपैस."

"पुढे? छे. महिना झाला सोडून." त्यांनी काठी गुडघ्यांमध्ये नीट उभी केली. "एका सीटवर दोघांनी किती अवघडून बसायचं?"

"बाबांचं मनावर घेऊ नका," नर्सबाई घाईने म्हणाल्या. पण बसल्यावर त्यांनी शेजारचा पट्टा हलक्या हाताने लावला आणि मग दोन बोटं आत घालून जरासा सैल केला. खाटेवरच्या पेशंटला काही बांधलं की करतात तसा.

आठवड्याने त्यांचा फोन आला.

"कालपासून पट्टा न लावताही गाडी छान सुरू होते. दिवाही गेला. बाबा आज पुढे बसले. तुमच्या हाताला गुण आहे हो!"

आपण काहीच केलं नाही, हे मिस्त्रीच्या ओठांवर आलं होतं. पण कौतुक कोणाला नको असतं? तो नुसताच हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सामान आणायला निघाला. त्याची व्हॅन जुनी, पण तब्येतीने ठणठणीत. बारा वर्षांत कधी खोकली नव्हती. त्याने किल्ली फिरवली.

व्हॅन थरथरली.

तो खाली उतरला नाही. बॉनेट उघडलं नाही. थोडा वेळ समोरच्या भिंतीकडे बघत बसला. मग शेजारी न बघता हात लांब केला, चाचपून पट्टा ओढला आणि लावला.

इंजिन शांत झालं.

तेव्हा कुठे त्याने मान वळवली. पट्टा सीटला टेकला नव्हता. पाठीपासून वीतभर पुढे, हवेत ताणलेला होता, आणि अगदी संथपणे पुढे-मागे होत होता.