दोघांच्या धमन्यांतला धूर

शिशाचा एप्रन घालून द्वारकाबाई मिरजेच्या दवाखान्यात नवऱ्याला आतून बघत होत्या.

भिवा टेबलावर जागाच होता. मनगटातून सरकवलेली बारीक नळी त्याच्या हृदयाच्या धमनीत पोचली होती. तिच्या टोकातून माणसाला ऐकू न येणारे ध्वनी निघत आणि धमनीच्या भिंतीवरून परतलेल्या प्रतिध्वनींचं चित्र पडद्यावर उमटे, झाडाच्या बुंध्यासारखी वलयं. धमनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, कुठे आणि केवढा बसवायचा, हे पूर्वीही त्यावरून ठरे. आता थर कोणत्या साली आणि कशाने साचला, तेही यंत्र सांगू लागलं होतं.

"तू दिसतीयास का गं आत?" भिवाने विचारलं.

"चरबी दिसतीय. गप पडा."

पडद्यावर अक्षरं उमटली : धूर. आजार स्वतः ओढवून घेतलेला. स्टेंट नामंजूर.

सरकारी योजनेचा नियमच तसा. तो लिहिणाऱ्या शहाण्याने धूर फक्त बिडीतून निघताना पाहिला असावा.

"बिडी? ह्यांना सुपारीनं चक्कर येती!" द्वारकाबाई तडकल्या. "चुरमुऱ्याची भट्टी हाय आमची. टायर जाळतो. सगळी गल्लीच जाळती."

"यंत्राला पुरावा लागतो, मावशी," डॉक्टर मुजावर म्हणाले. "त्याच धुरातल्या दुसऱ्या कुणाचे थर सालवार जुळले, तरच..."

"मग माझ्यात घाला नळी."

"धडधाकट माणसात नाही घालत."

"कोण धडधाकट? जिना चढताना छाती आवळती माझी."

भिवा उठू लागला. नर्सने त्याला दाबून धरलं. "मला का न्हाई बोललीस?"

"भट्टी कोण बघणार हुतं? तुमचा बाप?"

दुसऱ्या दिवशी तपासण्या करून नळी द्वारकाबाईंच्या धमनीत गेली. दोन्ही चित्रं शेजारी लावली. थर दोघांत लग्नाच्याच साली, भट्टी घातली तेव्हा, सुरू झालेला. पुरात भट्टी बुडाली त्या वर्षी दोघांतही पातळ. यंत्राने मुकाट्याने भिवाचा स्टेंट मंजूर केला.

मुजावरांनी मात्र शेजारचं चित्र मोठं केलं. द्वारकाबाईंची धमनी नवऱ्याच्यापेक्षा अरुंद होती. भिवा कढईपाशी असायचा. भट्टीच्या तोंडाशी बसून टायर सारायचं काम द्वारकाबाईंचं.

"आधी हिला बसवा," भिवा दारातून तिच्या टेबलापाशी येत म्हणाला. "मी थांबतो."

"आलं मोठं थांबणारं!" म्हणत द्वारकाबाईंनी त्याचा हात घट्ट धरला. मग डॉक्टरांकडे वळून विचारलं, "गल्लीत माझ्यासारख्या लई जणी हायत. त्यांच्या नवऱ्यांना अजून काही झालेलं न्हाई. मग त्यांच्या आत कोण बघणार?"