तिसावी ओळ

"काका, भुताची गोष्ट सांगा ना. पण रिअल. तुमच्या गावाकडच्या हडळी नकोत," रुही म्हणाली.

जेवणं झाली होती. नेपरव्हिलला माझा मित्र श्रीराम राहतो, त्याच्या बेसमेंटमध्ये मी आणि त्याची दोन मुलं, रुही आणि आर्य, एवढेच बसलो होतो. बाहेर मिट्ट काळोख.

"खरीच सांगतो," मी म्हणालो. "छत्तीस वर्षं बातमीदारी केली, ऐकीव कधी छापलं नाही. हे माझ्या ओळखीच्या प्रफुल्ल मेश्रामच्या घरी घडलं. आर्य, मधे हसायचं नाही."

"नाही हसत, यार काका."

तारीख होती चौदा मार्च २०२३. मंगळवार. पश्चिम मॅसॅच्युसेट्समधलं एक लहानसं गाव. प्रफुल्ल मूळचा नागपूरचा, तिथल्या पाण्याच्या प्लांटवर इंजिनिअर. बायको मोनाली नर्स, त्या दिवशी रात्रपाळीला. मुलगा नकुल एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या स्प्रिंग ब्रेकसाठी घरी आलेला. बर्फाच्या वादळाचा इशारा होता, म्हणून प्रफुल्ल दुपारीच गावच्या हिस्टॉरिकल सोसायटीत, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या संस्थेत, जाऊन आला. काम साधं होतं. एका जुन्या यादीची झेरॉक्स आणि थोडा जाड कागद आणायचा, आणि घरी बसून टाकाने नक्कल करायची. शाळेत प्रदर्शन होतं, आणि प्रफुल्लचं अक्षर फार देखणं.

यादी होती १७५८ सालची. त्या काळात इंग्रज आणि फ्रेंच जगभर एकमेकांच्या उरावर बसले होते. युरोपात, समुद्रावर, आपल्याकडे बंगालात आणि मद्रासेकडे. आणि इथल्या जंगलांत.

"सेव्हन इयर्स वॉर," आर्य म्हणाला. "शाळेत एपी हिस्टरीच्या कोर्सला होतं."

"त्यात जनरलांची नावं पाठ केली असशील. त्यांना माणसं कोण पुरवत होतं, ते होतं का?"

"नाही."

नसणारच. गावाला वरून आकडा यायचा, इतकी माणसं द्या. रविवारी चर्चमध्ये पाद्री युद्धाचं पुण्य सांगायचा. बायका लोकर कातायच्या, कोट शिवायच्या. घरोघरी फिरून ब्लँकेटं आणि बंदुकीची दारू गोळा व्हायची. सगळं गाव कसं एकदिलाने कामाला लागायचं! आणि चर्चमधल्या पुढच्या बाकांवर बसणारे ठरवायचे, मुलगा कोणाचा पाठवायचा. त्यांचा नाही. शेतावरचे गडी, पोरकी पोरं, सुताराकडे कामाला ठेवलेली पोरं, गुलाम. गोळी लागून त्यातले थोडेच मेले. छावणीतल्या हगवणीने आणि देवीने जास्त मेले. मी हे कागद स्वतः वाचलेत. वाचून आजही डोकं फिरतं.

यादीत तीन रकाने होते. नाव. वय. आणि कोणाचा मुलगा, किंवा कोणाचा नोकर. गावाने तीस माणसं कबूल केली होती. नावं होती एकोणतीस. तिसाव्या ओळीवरचं नाव चाकूने खरवडून काढलेलं. ते पाद्रीच्या मुलाचं होतं, असं सोसायटीची सेक्रेटरी म्हणाली. मुलगा घरीच राहिला. ओळ कोरी राहिली.

संध्याकाळी प्रफुल्लने एकोणतीस नावं उतरवली. टाकात शाई उरली होती. त्याने तिसाव्या ओळीवर लिहिलं: नकुल. एकोणीस. प्रफुल्लचा मुलगा.

"का पण?" रुहीने विचारलं.

मीही हेच विचारलं होतं. तो म्हणाला, "सुभाष, वीस वर्षांत या देशातल्या एकाही फॉर्मने मला विचारलं नाही, हा पोरगा कोणाचा. आपल्याकडे नावाला लागूनच बाप येतो. आणि गावाच्या कागदावर आमच्या लोकांची नावं कुठे असायची, तुला माहीत आहे. एकदम खाली, गावाबाहेर. म्हटलं, एकदा तरी माझ्या पोराचं नाव सगळ्यांच्या रांगेत येऊ दे."

नकुलने जेवताना तो कागद पाहिला. "बाबा, मला आर्मीत भरती केलंत? मम्मी तुम्हाला सोडणार नाही," म्हणून हसला. आणि झोपायला गेला.

अकराला लाइट गेले. एकच्या सुमारास बर्फ थांबलं.

एक वाजून चाळीस मिनिटांनी दारावर काठीचे तीन ठोके पडले.

प्रफुल्लला वाटलं, मोनाली आली. पण रस्ते तर बंद होते. त्याने खिडकीचा पडदा सारला. रस्त्यावर माणसं उभी होती. रांगेत. चंद्र नव्हता, तरी बर्फाच्या उजेडात दिसत होती. लांब कोट, खांद्यावर गुंडाळलेली ब्लँकेटं. इतक्या थंडीत कोणी कुडकुडत नव्हतं. कोणाच्या तोंडातून वाफ येत नव्हती.

त्याने मोजली. अठ्ठावीस. एक दाराशी.

"नकुल," दारातला माणूस म्हणाला. हळू, इंग्रजीत, यादी वाचावी तसा. "प्रफुल्लचा मुलगा."

"इथे कोणी नाही," प्रफुल्ल दाराआडून म्हणाला.

मग दाराबाहेरून,

"अक्षर तुझं आहे?"

प्रफुल्ल धावत टेबलाशी गेला. मेणबत्ती लावली. सगळ्या ओळी वाळल्या होत्या. तिसावी ओली होती. त्याने ती पुसली. शाई बोटांना लागली. शब्द तसेच. त्याने चाकू घेतला, खरवडलं. कागद फाटला. खालच्या लाकडावर तेच शब्द. तीच शाई.

आणि वर जिना वाजला.

नकुल खाली येत होता. जॅकेट घातलेलं, शूज घातलेले, लेस नीट बांधलेल्या. डोळे उघडे होते.

"बाबा, मला बोलावलंय ना?"

"झोप जा."

"त्यांचा एक कमी आहे, बाबा."

प्रफुल्लने त्याचा हात धरला. हात थंडगार होता. मग त्याने काय केलं असेल... बापच तो. त्याने दार उघडलं.

"मला न्या," तो म्हणाला. "माझं नाव लिहितो. आत्ता लिहितो. याला सोडा."

दारातल्या माणसाचं वय सतराच्या वर नसेल, असं प्रफुल्ल सांगतो. गाल बसलेले. अंगाला ओल्या लोकरीचा आणि दुखणेकऱ्याच्या खोलीचा वास.

"तू कोणाचा मुलगा?"

"शामराव मेश्रामांचा."

"त्यांनी तुला दिलं?"

प्रफुल्लने नकुलचा हात आणखी घट्ट धरला.

"त्यांनी दिलं का तुला?"

"ते... ते नाहीत आता. पण त्यांनी कधीच दिलं नसतं."

त्या पोराने मान हलवली. रागावला नव्हता. प्रफुल्ल म्हणतो, तेच सहन होत नाही. त्याच्या चेहऱ्यावर नुसती कीव होती.

"आम्हालाही बापांनीच दिलं," तो म्हणाला. "किंवा मालकांनी. स्वतःहून कोणी नाही आलं."

मग नकुलचा हात...

प्रफुल्लने सोडला नाही. शपथेवर सांगतो, सोडला नाही. फक्त मुठीत काही उरलं नाही.

मी थांबलो. आर्यने पाय वर घेऊन मांडी घातली होती.

"पण परत आला ना?" रुहीने विचारलं. "काका? सापडला ना तो?"

"पुढचं ऐक," मी म्हणालो.

सकाळी साडेसहाला मोनाली घरी आली. नवरा उघड्या दारात बसलेला. बोलत नव्हता. पोलीस आले, कुत्री आली, हेलिकॉप्टर आलं. निष्कर्ष काय, तर मुलगा स्वतःच्या पायाने निघून गेला. फाईल बंद. चर्चमध्ये नकुलसाठी प्रार्थना झाली. पुढच्या बाकांवरचे लोक फार छान बोलले म्हणे.

पण रस्ता साफ करणारा ट्रक येण्याआधी एका पोलिसाने फोटो काढले होते. मी चौथ्या दिवशी तिथे पोचलो. त्याने मला ते दाखवले, छापायचे नाहीत या अटीवर.

ताज्या बर्फात पावलांच्या ओळी होत्या. त्या पावलांत डावं आणि उजवं वेगळं नव्हतं. दोन्ही सरळ, एकाच साच्यातली. पोलिसाला कळेना. सेक्रेटरीबाईंनी सांगितलं, त्या काळी मोची दोन्ही पायांचे बूट एकाच साच्यावर शिवायचे.

दारापासून एकच जोडी वेगळी निघाली होती. आजकालचे रनिंग शूज. तळाची नक्षी स्वच्छ. डावा, उजवा, डावा, उजवा. अंगणातून थेट रस्त्यापर्यंत. तिथे ती रांगेत शिरली.

रांगेतली पहिली चार पावलं नक्षीची.

पाचवं पाऊल सरळ होतं.